पाठीवरचं सोलर पॅनल: नऊ दिवसांच्या रेंज ट्रेकला घ्यावं का?

करवंद
१६ नोव्हेंबर, रात्री १०:५२

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिघं रतनगड ते भीमाशंकर चालत जाणार आहोत. साम्रदहून रतनगड, कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड, टोलार खिंडीने खिरेश्वर, मग नाणेघाट-जीवधन, पुढे ढाकोबा-दुर्ग करत आहुपे आणि भीमाशंकर. नऊ दिवस धरलेत.

आजवर दोन दिवसांच्या वर कधी बाहेर राहिलो नाही, त्यामुळे चार्जिंगचा प्रश्न आलाच नाही. आता तीन फोन, एक कॅमेरा, तीन हेडटॉर्च. नकाशा फोनवरच. घडीचं एक २१ वॅटचं पॅनल बघून ठेवलंय, वजन अर्धा किलोच्या आसपास. कोपऱ्यांना भोकं आहेत, सॅकला मागून कॅराबिनरने अडकवायचं आणि चालू पडायचं. जाहिरातीतला गडी तसाच चाललाय. २१ वॅट गुणिले आठ तास, हिशेब तर सोपा दिसतोय. कुणी वापरलंय का? की मी काहीतरी विसरतोय?

खालच्या आळीतला
१६ नोव्हेंबर, रात्री ११:१८

दिशा विसरतोयस.

रतनगड उत्तरेला, भीमाशंकर दक्षिणेला. डिसेंबरात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून कलून जातो. म्हणजे ऊन नऊ दिवस तुझ्या तोंडावर आणि पॅनल तुझ्या पाठीवर, उत्तरेकडे तोंड करून. नाक मस्त चार्ज होईल.

करवंद
१६ नोव्हेंबर, रात्री ११:२४

अरे देवा. हे डोक्यातच आलं नाही.

ताकपीठ
१७ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

मग उलटे चाला. भीमाशंकरहून निघा, रतनगडाला संपवा. पॅनलसाठी ट्रेकची दिशा बदलणारी पहिली पिढी म्हणून नाव होईल.

आम्ही तीन सेलची बॅटरी आणि दोन मेणबत्त्या घेऊन आठवडा आठवडा काढलाय. वाट विचारायला गुराखी होता, त्याला चार्जिंग लागत नसे. असो, म्हातारा बडबडतोय म्हणून सोडून द्या.

फ्यूज उडाला
१७ नोव्हेंबर, दुपारी १:०५

काकांचं पहिलं वाक्य विनोद म्हणून ठीक, पण उलटे चालूनही फार हाती लागणार नाही. माझं पोटपाणी सोलरवरच आहे (छतावरचं, पाठीवरचं नाही), म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पॅनलवर छापलेले वॅट प्रयोगशाळेतले असतात. चौरस मीटरला १००० वॅट इतकं ऊन, तेही पॅनलवर काटकोनात, आणि सेलचं (पॅनलवरच्या काळ्या तुकड्यांचं) तापमान २५ अंश. आपल्याकडे दुपारी काळ्या कातळावर ठेवलेलं पॅनल हाताला चटका देतं, सेल ५५-६० अंशांवर सहज जातो. २५ च्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के शक्ती जाते, म्हणजे १२-१४ टक्के तिथेच गेले. मग ५ व्होल्टवर आणणारं छोटं सर्किट आपली दलाली कापून घेतं. यूएसबीच्या एका भोकातून बहुतेक वेळा २ ते २.४ अँपिअरच्या वर काही निघत नाही. २१ वॅटच्या पॅनलमधून एका वेळी १०-१२ वॅट मिळाले तर पॅनल चांगलं आहे असं समजायचं.

हे सगळं स्थिर पॅनलचं. सॅकवर लटकलेलं पॅनल जवळजवळ उभं असतं, पावलागणिक हलतं, आणि कारवीच्या रानात शिरलात की त्यावर काठ्याकाठ्यांची सावली पडते. सेल एकामागे एक माळेसारखे जोडलेले असतात. माळेतल्या एका सेलवर सावली आली की अख्ख्या माळेचा प्रवाह तेवढाच उरतो. नळीवर एका जागी पाय दिला की पुढे पाणी येत नाही, तसं. त्यामुळे 'दहा टक्के भाग झाकला तर दहा टक्के नुकसान' हे त्रैराशिक इथे लागू नाही.

तर, चालताना पॅनल घडी करून आत. दुपारी थांबाल तेव्हा बाहेर काढा, दक्षिणेकडे तोंड करून दगडाच्या आधाराने तिरपं उभं करा. तुमच्या भागात डिसेंबरअखेर भर मध्यान्हीलासुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर असतो. सपाट आडवं ठेवलंत तर पाव हिस्सा तिथेच गमावला. ४०-४५ अंश कलवा. अचूक साधायचं तर पॅनलवर काडी उभी धरा, काडीची सावली नाहीशी झाली की कोन बरोबर. मे महिन्यात, शून्य सावलीच्या दिवसांच्या (सूर्य थेट डोक्यावर येतो त्या) आसपास, आडवं ठेवलं तरी चालतं.

आणि मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, तुम्ही ७३.७ च्या आसपास. अंशाला ४ मिनिटं धरा. सूर्य सर्वांत उंच येतो १२:३५ ला. तेव्हा १०:३० ते १:३० चा मुक्काम धरण्यापेक्षा ११:०५ ते २:०५ धरा.

करवंद
१७ नोव्हेंबर, दुपारी २:३०

ताई, वाचनखूण साठवली. पण दुपारी थांबताना आपण सावली शोधतो ना? माणसं सावलीत, पॅनल उन्हात, म्हणजे लांब केबल घेऊ का?

फ्यूज उडाला
१७ नोव्हेंबर, दुपारी २:५५

घे, पण जाड तांब्याची. बाजारातल्या बारीक तारेच्या दोन मीटर केबलमध्ये २ अँपिअर जाताना दीड व्होल्टच्या वर तारेतच खर्च होतो. पाचातले साडेतीन उरले तर फोन ढुंकूनही बघत नाही.

त्यापेक्षा फोन जोडूच नको. पॅनल पॉवर बँकेला जोड, पॉवर बँक पॅनलच्याच मागे त्याच्या सावलीत ठेव. रात्री पॉवर बँकेवरून फोन. थेट फोन लावला की एक ढग आला, चार्जिंग तुटलं, स्क्रीन पेटला. ढग गेला, जोडलं, पुन्हा स्क्रीन पेटला. काही फोन तर एकदा प्रवाह कमी झाला की ऊन परत आलं तरी त्याच मंद गतीवर अडून बसतात, केबल काढून पुन्हा लावावी लागते. पॉवर बँक त्या मानाने सोशिक असते. तीही उन्हात तापत ठेवायची नाही हे वेगळं सांगायला नको. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करणं म्हणजे तिचं आयुष्य जाळणं, आणि नशीब वाईट असेल तर नुसतं आयुष्यच नाही.

घाटमाथ्यावरची
१७ नोव्हेंबर, रात्री ९:१२

या निमित्ताने माझी फसवणूक सांगून टाकते. तीन वर्षांपूर्वी मी पाठीवर पॅनल असलेली २०,००० एमएएचची पॉवर बँक घेतली. कुणाकडून ते सोडा. लडाखच्या मर्खा खोऱ्यात पाच दिवस सॅकवर बांधून फिरवली. चार दिव्यांपैकी एक दिवा पहिल्या दिवशी होता तसाच पाचव्या दिवशी होता. बरोबरचा घोडेवाला रोज विचारायचा, 'मॅडम, भर गया?'

फ्यूज उडाला
१७ नोव्हेंबर, रात्री ९:४०

हा हिशेब दर वेळी करून दाखवावा लागतो. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॅट-तास. पाठीवरचं पॅनल तळहाताएवढं, फार तर दीड वॅटचं, हातात येतो एक. ७४ तास कडक ऊन लागेल, वाटेतली घट धरली तर त्याहून जास्त. रोज पाच तास चांगलं ऊन धरलं तर पंधरवडा. आणि तोवर आतली बॅटरी उन्हात भाजत राहणार.

खोटे वॅट ओळखायला एक कागद पुरतो. ए-४ कागद पॅनलच्या काळ्या भागावर ठेवायचा. कागदाचं क्षेत्रफळ ०.०६२ चौरस मीटर. चांगल्यातला चांगला घडीचा सेल २२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एका कागदाएवढ्या जागेतून १३-१४ वॅट, तेही प्रयोगशाळेत. दोन कागदांएवढ्या पॅनलवर ६० वॅट छापलं असेल तर ते शेंडी लावतायत.

टाळकरी
१८ नोव्हेंबर, सकाळी ७:२५

डोंगराचं मला फार कळत नाही, चालण्याचं थोडं कळतं. आमच्या दिंडीत एका वर्षी हौसेने ट्रकच्या टपावर मोठं पॅनल, खाली बारा व्होल्टची बॅटरी असं बसवलं. आळंदी ते पंढरपूर, माउलींचं नाव घेऊन. पण आषाढी वारी म्हणजे ऐन पावसाचे दिवस. दिवेघाटात भिजलो ते भिजलोच. आभाळ गच्च असलं की पॅनल दहावा हिस्सासुद्धा नीट देत नव्हतं. शेवटी मुक्कामाला जनरेटरवर लाकडी फळी, त्यावर चाळीस प्लग, प्रत्येक फोनला चिकटपट्टीवर नाव. दोन 'तुकाराम' निघाले, त्यावरून भांडण. पुढच्या वर्षी पॅनल एका विणेकऱ्याच्या गोठ्यावर गेलं, अजून दिवा लावतंय.

ताकपीठ
१८ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

टाळकरी, हा प्रतिसाद वेगळा धागा करण्याच्या लायकीचा आहे.

सिएराकाठ
१८ नोव्हेंबर, सकाळी ११:०२

कॅलिफोर्नियातून लिहितोय. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये इथल्या डोंगरातली जॉन म्यूर ट्रेल केली, साधारण ३४० किलोमीटर. आम्हाला १९ दिवस लागले. तिथे पॅनल वसूल झालं, आणि का झालं ते सांगतो, कारण तसं सह्याद्रीत जुळून येत नाही. वाट बराच वेळ झाडांच्या रेषेच्या वर, उघड्या ग्रॅनाइटवरून जाते. उन्हाळा कोरडा. सकाळी खिंड चढायची, दुपारी तळ्याकाठी पाय टाकून बसायचं. गाव नाही, प्लग नाही, आठ-नऊ दिवसांचं जेवण अस्वलाला उघडता न येणाऱ्या डब्यात घेऊन चालायचं. माझं १० वॅटचं पॅनल रोज दोन-अडीच तास पसरलं की फोन आणि घड्याळ निघून जायचं.

पण तेच पॅनल पुढच्या वर्षी वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलात नेलं. चार दिवसांत ते मी फक्त बसायला वापरलं. पॅनल गरम असल्याने बसायला बरं वाटतं, एवढं लिहून ठेवतो.

माझा ठोकताळा: पाच दिवसांच्या आत प्लग मिळणार असेल तर पॉवर बँक.

खालच्या आळीतला
१८ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

आणि करवंदला प्लग दीड-दोन दिवसाआड मिळतोय! रतनवाडी, कुमशेत, पाचनई, खिरेश्वर, घाटघर, आहुपे. ज्या घरी जेवाल त्या घरी बोर्ड आहे. पिठलं-भाकरी होईपर्यंत तासभर जातोच. फक्त एक, लावण्याआधी विचारा आणि जेवणाच्या पैशांत चार्जिंगचे वेगळे धरून द्या. तीन पोरं आली, तीन वीस हजारी बँका रात्रभर लावून गेली, बिल त्या मावशीला. आणि वीज असेलच याची खात्री धरू नका, वारा सुटला तरी जाते.

फ्यूज उडाला
१८ नोव्हेंबर, दुपारी १:१५

मग आकडे मांडूच. फोनची बॅटरी ५००० एमएएच, म्हणजे १९ वॅट-तास. विमान मोड, जीपीएस चालू, नकाशा आधी उतरवून घेतलेला, अशा वापराला दिवसाला २५-३० टक्के. धरा ६ वॅट-तास. तीन फोन, नऊ दिवस: १६२. कॅमेऱ्याचे १५-२० धरा, हेडटॉर्च सेलवरचे. एकूण १८०. २०,००० च्या पॉवर बँकेतून ७४ पैकी साठेक हातात येतात. म्हणजे तीन बँका, एक किलोच्या वर वजन, आणि एकही प्लग न शोधता ट्रेक पार. दोन नेल्या आणि मधे एकदा मावशीकडे भरल्या तरी झालं.

पण मुळात तीन फोन चालू कशाला? एक नकाशाला, दोन बंद. विमान मोड विसरू नका. दरीत रेंज नसताना फोन टॉवर शोधत शोधत स्वतःला संपवतो. नकाशापेक्षा हीच उधळपट्टी मोठी असते.

घाटमाथ्यावरची
१८ नोव्हेंबर, रात्री १०:०५

हिमालयवाल्यांसाठी भर घालते, कारण हा धागा तेही वाचतील. पॅनलला थंडी मानवते, बॅटरीला नाही. लडाखमध्ये ऊन कडक, हवा कोरडी, पॅनल जोरात. पण सकाळी तंबूबाहेर शून्याखाली असताना गार पडलेली पॉवर बँक लगेच जोडू नका. शून्याखाली लिथियमची बॅटरी चार्ज केली की ती आतून कायमची बिघडते, वरून काही दिसत नाही. आधी जॅकेटमध्ये घालून ऊब द्या. रात्री फोन आणि बँक स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी. खोल दरीत तळ असेल तर ऊन यायलाच दहा वाजतात, हेही धरा.

विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक केबिन बॅगेतच, आणि १०० वॅट-तासांपर्यंतच. २०,००० एमएएच बसते.

अवांतर: परदेशातून येणारे मित्र सॅटेलाइट मेसेंजर (रेंज नसताना उपग्रहामार्फत निरोप धाडणारं यंत्र) घेऊन येतात. परवानगीशिवाय ते भारतात चालत नाहीत, विमानतळावर अडकलेले लोक आहेत. पॅनलचं राहू द्या, आधी त्यांना हे सांगा.

करवंद
१९ नोव्हेंबर, रात्री ११:३०

सगळ्यांचे आभार. पटलं. तरी पॅनल घेतलं. (हसू नका.) सोबत दीडशे रुपयांचा यूएसबी मीटर पण घेतलाय. दोन पॉवर बँका नेतोय, पॅनल फक्त प्रयोगासाठी. आल्यावर आकडे देतो.

ताकपीठ
१९ नोव्हेंबर, रात्री ११:४१

प्रयोगाचं वजन कोण उचलणार ते ठरवून ठेवा.

करवंद
४ जानेवारी, सायंकाळी ६:१५

आलो. आठ दिवसांत झाला, जीवधन सोडावा लागला, एकाचा गुडघा. वृत्तांत वेगळा लिहीन, इथे पॅनलपुरतं.

पहिल्या दिवशी मुद्दाम सॅकवर बांधलं, कारण स्वतः बघितल्याशिवाय चैन पडत नाही. साम्रद ते रतनगड, मीटर हातात धरून मित्र मागून चालत होता. ०.१ अँपिअर, ०.३, शून्य, ०.४, शून्य. पुढे कात्राबाईच्या जंगलात मीटर बंदच पडला, एवढीही वीज नव्हती. एकदाच वाट वळून उत्तरेकडे गेली तेव्हा पाच मिनिटं ०.९ दिसलं आणि आम्ही आरडाओरडा केला. पाठीमागे कारवीत अडकून एका कोपऱ्याची शिवण उसवली ती वेगळीच.

खरी मजा हरिश्चंद्रगडावर. देवळाच्या जरा वर मोकळ्या कातळावर १२:२० ला मांडलं. आडवं: १.५ अँपिअर. ताईंची काडी लावून तिरपं केलं: २.१. साडेदहा वॅटच्या जवळ. म्हणजे २१ चे अर्धे, अगदी भाकितानुसार. मग एका घडीच्या कोपऱ्यावर फक्त पंजा धरला, सावली वितभर. २.१ चे १.४ झाले. तीन घड्यांपैकी एक अख्खी मेली, हात मात्र एका सेलवर होता. नळीवर पाय म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

तीन तास ठेवलं. मधे दर अर्ध्या तासाने उठून सूर्यामागे फिरवावं लागतं, म्हणजे विश्रांती कसली, राखण. मीटरवर २७ वॅट-तास. ते पॉवर बँकेत, मग रात्री फोनमध्ये. एक फोन ४ टक्क्यांवरून ९६ वर गेला. तीन तासांची दुपार म्हणजे एक फोन. आकडा लक्षात राहील.

राखण का, तर माकडं. एकाने पॉवर बँक सोडून केबलच उचलली आणि टाक्याच्या कडेला बसून चावायला लागलं. जाड केबल असल्याने वाचली.

असं मांडणं आठ दिवसांत तीनदाच जमलं. बाकी दिवशी भर दुपारी आम्ही एक तर चढत होतो, नाही तर झाडीत होतो. चार्जिंगचं खरं काम कुमशेत आणि खिरेश्वरला झालं. कुमशेतला वीज नव्हती, रात्री अकराला आली, मावशींनीच उठून बोर्डाचं बटण लावलं. सकाळी पैसे घेईनात, मग चहासाखरेचा पुडा ठेवून आलो. दुसरी पॉवर बँक शेवटी अर्धी भरलेलीच घरी आली.

खालच्या आळीतला
४ जानेवारी, सायंकाळी ६:५०

म्हणजे अर्धा किलो उगाच फिरवलंस.

करवंद
४ जानेवारी, सायंकाळी ७:०२

सहाशे वीस ग्रॅम. घरी वजन केलं. छापलं होतं ४८०.

फ्यूज उडाला
४ जानेवारी, रात्री ८:३०

छान नोंदी. आडवं १.५ आणि तिरपं २.१, म्हणजे ०.७१. ४७ अंशांची ज्या (साइन) ०.७३ येते. दीडशेच्या मीटरला याहून जास्त काय मागणार.

घाटमाथ्यावरची
५ जानेवारी, सकाळी १०:१०

करवंद, पॅनल पडून राहणार असेल तर ऑगस्टमध्ये मला देशील का? झंस्कारला बारा दिवस जातेय, सहा दिवस प्लग नाही, आणि दुपारी एकनंतर चालणं नाही.

करवंद
५ जानेवारी, सकाळी १०:२५

घेऊन जा. सध्या गच्चीत आहे, आईने त्यावर मिरच्या वाळत घातल्यात, तेवढ्या उतरवतो. कोपरा शिवून देतो, मीटर पण नेशील. केबलवर दातांच्या खुणा आहेत, त्या आधीच्या आहेत हं, नंतर माझ्याकडून भरपाई मागू नकोस.